अडचणींच्या रकान्यात निल

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझा एम-वन राहिलेला होता. एम-वन म्हणजे पहिल्या वर्षाचं पहिलं गणित. नियम असा की पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसता येत नाही. नाही निघाला तर वायडी, म्हणजे एक वर्ष घरी. आणि माझं घर म्हणजे देवळ्याजवळचं गाव, जिथं माझ्या ॲडमिशनचे पेढे वाटून झालेले, आणि येवल्याकडचं एक स्थळ दर दोन महिन्यांनी फोन करून 'मुलीचं शिक्षण कुठवर आलं' विचारायचं. माझ्या शिक्षणाची एवढी काळजी आमच्या कॉलेजलाही नव्हती.

तीनदा दिला होता तो पेपर. तिन्ही वेळा आपटले. दहावीपर्यंत मराठी शाळेत मी गणितात पहिली यायचे, हे सांगून कोणाला पटत नव्हतं. हळूहळू मलाही पटेना. बॅक राहिलेल्यांना त्या विषयाचा तास नसतो. नव्या पोरांच्या वर्गात मागं जाऊन बसावं तर शिकवणारे सर विचारणार, "काय हो सीनियर, अजून इथंच का?" आणि सत्तर पोरं वळून बघणार. एकदा बसले, एकदा ऐकलं, पुन्हा गेले नाही. लोक म्हणतात आजकालच्या पोरांना शिकण्याची इच्छा नाही. डोंबल इच्छा नाही! दाराशी उभं राहून राहून पाय दुखले की माणूस खाली बसतो, तसं आमचं झालं होतं. आधी शेवटच्या बाकावर बसायला लागले, मग मोबाइलमध्ये डोकं घालून बसायला लागले, मग तासाला जायचंच कमी झालं.

माझी रूममेट सुरगाण्याकडची होती. तिचाही एम-वनच राहिलेला, तोही तीनदा. तिचं प्रकरण माझ्यापेक्षा अवघड होतं. वायडी झालेल्या मुलीला आमच्या हॉस्टेलची खोली मिळत नसे, आणि सुरगाण्याच्या पुढच्या पाड्यावरून नाशिकला रोज जा-ये करणं कोणाला शक्य नाही. म्हणजे तिचा विषय राहिला की तिचं इंजिनिअरिंगच राहिलं. हे आम्हा दोघींना माहीत होतं, आणि त्यावर आम्ही कधी बोलायचो नाही. ती पहाटे उठून सोडवलेले पेपर उतरवून काढायची, अख्खेच्या अख्खे, आकृत्यांसकट. मी विचारलं, "समजतं का?" तर म्हणाली, "नाय गं. पण हात तरी चालू राहतो."

त्या वर्षी मार्चमध्ये कॉलेजला तपासणीची कमिटी येणार होती. ज्यांनी असल्या कॉलेजात दिवस काढलेत त्यांना कमिटी म्हणजे काय ते सांगायला नको. भिंतींना रंग लागतो, कुंड्या भाड्यानं येतात, संडासात साबण येतो. आणि कागद! दोन-दोन वर्षांचे कागद महिन्याभरात जन्माला घालायचे असतात. त्यातला मोठा गठ्ठा मेंटॉर फॉर्मचा. प्रत्येक वीस विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक मेंटॉर नेमलेला असतो. त्यानं दर महिन्याला प्रत्येकाला भेटून अडचण विचारायची, मदत करायची आणि फॉर्म भरायचा, अशी पद्धत. प्रत्यक्षात वर्षाच्या सुरुवातीला एकदाच फॉर्म वाटले गेले होते, 'घरून भरून आणा' म्हणून. बाकी सगळे महिने कोरे.

आमच्या मेंटॉर मॅडम तिशीच्या आतल्या होत्या, कंत्राटी. दर वर्षी जूनमध्ये त्यांची नेमणूक नव्यानं व्हायची, की नाही व्हायची, हे त्यांनाही आदल्या आठवड्यापर्यंत कळत नसे. आमच्या दोघींच्या मेंटॉर त्याच. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"हे बघ, महिनाभर रोज दुपारी इथं बसायचं. तासांची अटेंडन्स मी बघते."

मी हो म्हणाले. तास तरी कुठे कळत होते!

स्टाफरूमच्या कोपऱ्यात, कपाटामागं मला टेबल मिळालं. मॅडमनी एका कागदावर वाक्यं लिहून दिली, ती आलटून पालटून टाकायची. अडचण : निल. समुपदेशन केले. पालकांशी फोनवर बोलणे झाले. जादा तास घेतले. सुधारणा आहे. फॉर्म इंग्रजीत होता, वाक्यंही इंग्रजीत, पण सगळ्यांचा सूर हाच. सप्टेंबरला निळा पेन, ऑक्टोबरला काळा, नोव्हेंबरला जेल पेन, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसेल. माझ्या स्वतःच्या फॉर्मवर मी लिहिलं की माझे एम-वनचे जादा तास घेतले गेले आणि सुधारणा आहे. खाली सही केली. तेव्हा मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डबा खाताना मी एम-वनचा जुना पेपर समोर धरून बसले होते. मॅडम मागून आल्या.

"कुठं अडलंय?"

"सगळंच, मॅडम."

"सगळं कधी अडत नसतं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, सांग."

मी सूत्रं घडाघडा म्हटली.

"अगं सूत्र नाही विचारलं. म्हणजे काय?"

दोन वर्षं मी ती गोष्ट काढत होते आणि ती म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मॅडमनी फॉर्मच्याच मागच्या बाजूला एक चढ काढला. म्हणाल्या, "देवळ्याची ना तू? एसटी भावडबारी घाट चढते. सगळा घाट किती उंच, ते नको. ह्या इथं, ह्या चाकाखाली, आत्ता किती चढ आहे? बस, तेवढंच." मग पुढचं. दोन गोष्टी एकदम बदलत असल्या तर? "भाजीत मीठ आणि तिखट. तिखट आहे तसं ठेव, मीठच वाढव, चव किती बदलली बघ. मग मीठ तसंच ठेव आणि तिखट वाढव. झालं तुझं पार्शल डिफरन्सिएशन."

मला रडूच आलं. गणित समजलं म्हणून नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी 'कुठं अडलंय' विचारून उत्तर ऐकायला थांबलं होतं.

तेव्हापासून रोज अर्धा तास. मी फॉर्म भरायचे, मॅडम डबा खाता खाता शिकवायच्या. मी हॉस्टेलवर जाऊन दोन-दोन तास गणितं सोडवायला लागले, कोणी न सांगता. दुसऱ्या विषयांच्या तासालाही पुढं बसायला लागले. एकदा तर हात वर करून प्रश्न विचारला, सर दचकलेच. पण पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या होत्या, "हे बाहेर बोलू नकोस हं. सगळे दारात येतील. मला कमिटीचं उरकायचंय, माझी नोकरी आहे." मी म्हणाले, नाही बोलत.

आणि मग रूममेटचा फॉर्म हातात आला.

वर्षाच्या सुरुवातीला वाटलेला. बाकीच्यांनी अडचणींचा रकाना कोरा सोडलेला किंवा एखादा शब्द टाकलेला. हिनं रकाना भरून, समास भरून, मागच्या पानावर जाऊन लिहिलं होतं. मराठीत. की मॅडम, मला एम-वन पहिल्या दिवसापासून समजलं नाही. वर्गात विचारायला भीती वाटते, कारण माझं बोलणं ऐकून मुलं हसतात. मला कोणी अगदी सुरुवातीपासून सांगेल का? मी सुट्टीतही थांबेन. मी कामाला कंटाळत नाही.

मी तो मॅडमसमोर नेऊन ठेवला. मनात होतं की आता तरी त्या म्हणतील, बोलाव तिलाही. त्यांनी वाचला. दोनदा वाचला, हे मी पाहिलं. चेहरा पडला त्यांचा. मग म्हणाल्या, "हे सप्टेंबरचं आहे. आता हे फाइलला लावलं तर कमिटी विचारेल, सहा महिने काय केलंत? काय सांगू मी?" आणि फॉर्म उलटा ठेवून, "नवीन फॉर्म घे. निल टाक. तिची सही घेऊन ये."

"मॅडम, तिलापण इथं दुपारी..."

"किती जणांना घेऊन बसू मी? तूच सांग. एकीला घेतलं की वीस जण येतील. मला ओरडून बोलायला लावू नकोस."

त्या ओरडत नव्हत्या. मी कोरा फॉर्म उचलला. माझा अर्धा तास जाईल, ही भीती मला होती. हे मी आज कबूल करते, तेव्हा स्वतःशीही केलं नव्हतं.

नवीन फॉर्म मी भरला. निल. समुपदेशन केले. जादा तास घेतले. सुधारणा आहे. सहीपुरता भाग वर राहील असा घडी घालून रूमवर नेला.

"ह्यावर सही कर. जुन्यावर पाणी सांडलं होतं."

तिनं लगेच पेन घेतला. "माझं लिहिलेलं वाचता आलं का त्यांना? का सांडायच्या आधीच वाचलं?"

"वाचलं असेल."

"मंग बोलवतील," ती म्हणाली, आणि सही केली.

कपाळ माझं! मला वाटलं होतं एक सही घेतली की विषय संपला. तो तिथून सुरू झाला. ती वाट बघायला लागली. मी स्टाफरूममध्ये बसते हे तिला माहीत होतं, सगळ्यांनाच होतं, 'मॅडमची क्लार्क' म्हणायचे मला. रोज संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच तिचा प्रश्न, "काय म्हणल्या का मॅडम माझं?" मी म्हणायचे, कमिटीची गडबड आहे. ती म्हणायची, हा, गडबड असंल. तिनं केस धुतले होते एका सोमवारी, बोलावलं तर बरं दिसावं म्हणून. वहीला नवीन कव्हर घातलं होतं. आणि मी पाच फुटांवर बसून त्याच मॅडमनी दिलेली गणितं सोडवत होते.

शिकवायचं ना मग मी तिला! हे मलाही कळत होतं. एका रविवारी मी तिला मीठ-तिखटाचं सांगितलं. ती खाटेवर उठून बसली. चेहरा असा उजळला की मला आतून बरं वाटलं. पुढची दोन गणितं तिनं माझ्याआधी सोडवली. म्हणजे डोकं होतं तिला, माझ्यापेक्षा तल्लख होतं.

"अगं हे तर सोपंय! तुला कोणी सांगितलं?"

माझी पाचावर धारण बसली. मॅडमचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? मंग मला का नाय बोलावलं? आणि मग फॉर्म, आणि मग मी त्यावर काय लिहिलं ते.

"यूट्यूबवर पाहिलं," मी म्हणाले.

"कोणता व्हिडिओ? लिंक पाठव ना."

"आता आठवत नाही गं."

ती ते व्हिडिओ शोधत बसली. जेवण होईपर्यंत, जेवणानंतरही. मीठ-तिखट म्हणून शोधलं, भाजी म्हणून शोधलं. डेटा संपला तर शेजारच्या खोलीतल्या मुलीचा हॉटस्पॉट मागून आणला. "तुझ्या मोबाइलच्या हिस्टरीत बघ ना," म्हणाली. मी म्हणाले, मैत्रिणीच्या मोबाइलवर पाहिला होता. एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. त्यानंतर मी तिला काही शिकवलं नाही. जे सांगेन त्यावर ती विचारणारच होती, कुठं शिकलीस, आणि माझ्याकडची उत्तरं संपली होती.

हॉस्टेलची ती खोली दहा बाय दहाची. दोन खाटा, मध्ये एक खुर्ची. वाचनालयात जाऊन बसावं तर ती म्हणायची, थांब, मी पण येते. मॅडमकडं जाणं बंद करावं तर मी नापास, येवल्याचं स्थळ हजर. रूममेटला सांगावं तर मॅडमची नोकरी, माझा शब्द आणि माझं तोंड, तिन्ही गेलं. आईचा फोन यायचा, "जेवनी का? अभ्यास कसा शे?" मी म्हणायचे, चांगला चालू आहे. सगळ्यात वाईट हे की तो खरंच चांगला चालू होता.

कमिटी आली. तिघं होते. आमच्या विभागात वीस मिनिटं थांबले, त्यातली दहा चहाला गेली. एकानं मेंटॉर फॉर्मची फाइल उघडली, मधूनच एक पान काढलं, 'रेकॉर्ड व्यवस्थित ठेवलंय' म्हणाले आणि मिटली. पान कोणाचं होतं ते मला दिसलं नाही. मॅडमनी संध्याकाळी मला बिस्किटाचा पुडा दिला.

परीक्षा मे महिन्यात झाली. एम-वनच्या पेपरला आम्ही बेंचच्या एकाच रांगेत, ती माझ्या पुढं दोन जागा सोडून. मला पेपर दिसला आणि तो मला येत होता. तिच्या पाठीकडं मी दोन-तीनदा पाहिलं. ती लिहीत होती, सारखी लिहीत होती, पुरवणीही घेतली तिनं. बाहेर आल्यावर म्हणाली, "एक सोडलं नाय मी. मीठ-तिखटाचा प्रश्न तर पूर्ण आलाय." मी म्हणाले, निघेल बघ तुझा.

निकाल जुलैत लागला. माझा निघाला. तिचा पाच मार्कांनी राहिला. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायचा विचार झाला, पण त्याला दिवस लागतात आणि हॉस्टेलची यादी त्याच आठवड्यात लागली. तिचं नाव त्यात नव्हतं. ती रडली नाही. रडली असती तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले आहे. आता नाही सांगत.

तिचे वडील न्यायला आले. मुलींच्या हॉस्टेलात पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून सामान आम्ही दोघींनी खाली आणलं. जिन्यात ती मध्येच थांबली.

"मॅडमनी माझं लिहिलेलं वाचलं होतं ना, खरंच?"

"हो." एवढं एकच खरं मी तिला बोलले असेन.

"तरी बोलावलं नाय. म्हणजे त्यांना कळलं असंल, हिच्यात काय दम नाय. त्यांचा पण काय दोष?"

"असं नसतं गं," मी म्हणाले.

"आणि तुझं? तुला कोणी शिकवलं?"

सकाळचे साडेअकरा वाजले होते. जिन्यात आम्ही दोघीच. नोकरी मॅडमची होती, निकाल माझा लागून गेला होता, माझं आता काहीसुद्धा जाणार नव्हतं. तरीही माझ्या तोंडून आलं, "कोणी नाही. माझं मीच केलं."

ती हसली. माझ्या दंडाला धरून हलवलं तिनं. "तेच तर. तू केलंस ना. तू पण मराठी शाळेतलीच."

गेटवर तिचे वडील उभे होते, पायात चपला, हातात नायलॉनची पिशवी. मला नमस्कार केला त्यांनी, माझ्या वयाच्या मुलीला. मग लेकीला विचारलं, हळूच, पण मला ऐकू जाईल असं, "इथं कोणी शिकवाय नव्हतं का गं, पोरी?"

"होते बाबा. सगळे होते," ती म्हणाली. "मलाच नाय जमलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कोणीतरी 'नाही हो, तसं नाही' म्हणावं, अशी नजर होती ती.

मी मान हलवली. हो, सगळे होते, म्हणून.

त्यांनी वळकटी खांद्यावर घेतली, आणि दोघं हायवेकडं रिक्षा बघायला गेले.